रात्रीची स्क्रिप्ट ४० मिनिटांवरून ६ तासांवर गेली. नवा सर्व्हर घ्यावा का आणि कुठला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय गृहीत धरलंय ते तुम्हाला कळेल. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर १८० जीबीचा डेटाबेस आहे. मशीनला ८ कोअर, ३२ जीबी रॅम आणि ७,२०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या) ४ डिस्क, त्या रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा जोडणीत. रोज रात्री १ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) स्क्रिप्ट सुटते, दिवसभराच्या नोंदी गोळा करून गोषवाऱ्याच्या टेबलात भरते आणि जुन्या नोंदी काढून टाकते. हे सगळं ४० मिनिटांत उरकायचं. गेले ३ आठवडे ५ ते ६ तास लागतायत. कधी ती मधेच मरते, कधी बिनबोभाट संपते पण सकाळी आकडे अर्धेच असतात. नव्या सर्व्हरला मंजुरी मिळाली आहे आणि तुम्ही विचारताय की ३२ कोअरचा घ्यावा की १६ चा, आणि १२८ जीबी रॅम पुरेल का.

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आकडे अर्धे का येतात, वेळ का वाढला आणि मशीन कुठलं घ्यायचं. पहिल्याचा हार्डवेअरशी काडीचा संबंध नाही. दुसऱ्याचा असू शकतो, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तो कमीच वाटतो. ३ आठवड्यांत तुमचा डेटा ८ पट झालेला नाही, मग वेळ ८ पट का व्हावा? मशीन अपुरं पडू लागलं की वेळ रोज थोडाथोडा चढत जातो. एका रात्रीत उडी मारली असेल तर बहुतेकदा काहीतरी मुळातच बदललेलं असतं: क्वेरीचा प्लॅन (डेटा कुठल्या मार्गानं शोधायचा याची डेटाबेसची योजना) पालटला, रेड कंट्रोलरची (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाची) बॅटरी गेली, नाहीतर कोणीतरी टेबलावर लॉक धरून बसलं. म्हणून पहिलं काम हे की जुने लॉग काढा आणि वेळ हळूहळू वाढला की एका ठरावीक तारखेला, ते बघा. पुढचं बरंचसं त्यावर ठरेल.

आधी अर्ध्या आकड्यांचं मिटवू, कारण ते सोपं आहे आणि जास्त धोक्याचंही. पीएसक्यूएलला, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड देणाऱ्या प्रोग्रामला, फाइल दिली की एखादं स्टेटमेंट चुकलं तरी ते एरर छापतं आणि पुढच्या स्टेटमेंटकडे वळतं. शेवटी एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'काम यशस्वी'. क्रॉनच्या दृष्टीनं सगळं आलबेल. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'भरा' चुकलं आणि 'जुन्या नोंदी काढा' चाललं, तर काय होईल याचा विचार करा. यावर उपाय म्हणजे ऑन_एरर_स्टॉप हे व्हेरिएबल चालू करणं. मग पहिल्या चुकीला स्क्रिप्ट थांबते आणि एक्झिट कोड ३ मिळतो. सोबत मोठ्या एक्सचा पर्याय द्या, म्हणजे कोणाच्या तरी होम डिरेक्टरीतली पीएसक्यूएलआरसी ही सेटिंगची फाइल मधे येणार नाही. आणि आउटपुट पाइपनं टी कमांडकडे पाठवून लॉगमध्ये लिहीत असाल, तर शेलला दिसणारा एक्झिट कोड टीचा असतो, पीएसक्यूएलचा नव्हे. बॅशमध्ये पाइपफेल चालू केल्याशिवाय वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. हे फार जणांकडून सुटतं.

सगळं बिगिन आणि कमिटच्या आत, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही अशा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल, तर लॉग वेगळा दिसतो. पहिल्या चुकीनंतर प्रत्येक स्टेटमेंटवर 'ट्रान्झॅक्शन रद्द झालाय, ब्लॉक संपेपर्यंत कमांड दुर्लक्षित' अशा अर्थाची एरर येत राहते आणि शेवटचा कमिट मुकाट्यानं रोलबॅक होतो, म्हणजे केलेलं सगळं मागे घेतलं जातं. अशा लॉगमध्ये शेवटची एरर वाचू नका, पहिली वाचा. बाकी सगळा तिचाच प्रतिध्वनी असतो.

हातानं चालवली की चालते आणि क्रॉनमधून मरते, असं होत असेल तर कारणं ठरलेली आहेत. क्रॉनचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, त्यामुळे पीएसक्यूएल सापडत नाही किंवा जुन्या आवृत्तीचं सापडतं. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्यामुळे तारखेचा फॉरमॅट तिथेच लिहिला असेल तर कमांड मधूनच तुटते. त्यापुढे बॅकस्लॅश द्या, नाहीतर तारीख स्क्रिप्टच्या आत काढा. पासवर्डच्या पीजीपास फाइलची परवानगी ०६०० पेक्षा सैल असेल तर ती वाचलीच जात नाही. आणि फाइल विंडोजवर एडिट झाली असेल तर ओळींच्या शेवटी राहिलेल्या कॅरेज रिटर्नमुळे शेल स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत अडखळते.

एक सवय मात्र आग्रहानं लावून घ्या. स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी तोच निकाल आला पाहिजे. तारीख बाहेरून द्या. त्या तारखेच्या गोषवाऱ्याच्या ओळी आधी काढा आणि मग भरा, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. जुन्या नोंदी काढण्याचं काम वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये आणि तुकड्यातुकड्यांनी करा, एका वेळी १० ते २० हजार ओळी. सहा तासांचा एकच ट्रान्झॅक्शन उघडा राहिला तर तेवढा वेळ व्हॅक्यूमला (काढलेल्या-बदललेल्या ओळींची जागा मोकळी करणाऱ्या कामाला) त्यानंतर मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत, तेही पूर्ण डेटाबेसभर.

आता वेळेकडे येऊ. स्क्रिप्ट उघडून अंदाज बांधण्याआधी ती चालू असताना कशाची वाट बघतेय ते पाहा. दुसऱ्या कनेक्शनमधून पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी हे व्ह्यू दर १० सेकंदांनी विचारा आणि स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, वेट_इव्हेंट व क्वेरी हे चार कॉलम फाइलमध्ये साठवा. अर्ध्या तासात १८० नमुने मिळतात, तेवढे पुरतात. प्रकार 'लॉक' असा दिसला तर दुसरं कोणीतरी आडवं आलंय. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन त्या प्रोसेसचा नंबर देतं. 'आयओ' आणि डेटाफाइल रीड दिसलं तर डिस्कवरून वाचण्यात वेळ जातोय. वॉल सिंक दिसलं तर वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, डिस्कवर पक्की होण्याची वाट कमिट बघतोय. 'क्लायंट' दिसलं तर सर्व्हर रिकामा बसलाय आणि तुमचाच प्रोग्राम पुढची कमांड पाठवायला उशीर करतोय. स्टेट 'अ‍ॅक्टिव्ह' आणि वेट_इव्हेंट रिकामं, म्हणजे प्रोसेसर राबतोय. मशीन निवडताना हाच कागद समोर ठेवायचा आहे, तो जपून ठेवा.

लॉकचा एक प्रकार रात्रीच्या कामांत हमखास भेटतो. पीजी_डंपनं बॅकअप चालू असेल तर तो प्रत्येक टेबलावर अगदी हलकं लॉक धरतो, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना त्याचा त्रास नाही. पण तुमच्या स्क्रिप्टमध्ये ट्रंकेट (टेबल एकदम रिकामं करणं) किंवा ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणं) असेल तर त्याला पूर्ण मालकीचं लॉक लागतं, म्हणून ते बॅकअप संपेपर्यंत थांबतं. आणि ते रांगेत उभं राहिलं की त्याच्यामागून आलेले साधे सिलेक्टसुद्धा तुंबतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीला लॉक_टाइमआउट ३० सेकंदांवर ठेवा, म्हणजे ती तासन्‌तास लटकण्याऐवजी स्पष्ट एरर देऊन थांबेल. बॅकअपची वेळही बदला.

लॉकचा मामला नसेल तर पीएसक्यूएलमध्ये टायमिंग चालू करून प्रत्येक स्टेटमेंटचा वेळ लिहून घ्या. सहसा सगळी स्क्रिप्ट संथ नसते. एखादं स्टेटमेंटच बहुतेक वेळ खातं. त्या स्टेटमेंटला प्लॅन दाखवणारी एक्सप्लेन कमांड लावा, अ‍ॅनालाइझ आणि बफर्स या दोन्ही पर्यायांसह. लक्षात ठेवा, अ‍ॅनालाइझ दिलं की स्टेटमेंट खरोखर चालतं. डिलीटवर ते लावायचं तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच.

प्लॅन वाचताना मी आधी खर्चाचे आकडे बघत नाही. अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतली तफावत बघतो. अंदाज १ आणि प्रत्यक्षात ४ लाख असं जिथे दिसतं, तिथेच प्लॅनर फसलेला असतो. त्याच्या वरचा नेस्टेड लूप (एका बाजूच्या प्रत्येक ओळीसाठी दुसरी बाजू शोधणारी पायरी) ४ लाख वेळा फिरतो. नोडपुढे (प्लॅनच्या पायरीपुढे) दिसणारा वेळ हा एका फेरीचा सरासरी वेळ असतो, त्याला लूप्सच्या आकड्यानं गुणावं लागतं. ०.०५ मिलिसेकंद निरुपद्रवी वाटतो, पण ४ लाख फेऱ्यांचे २० सेकंद होतात. सॉर्टखाली 'एक्स्टर्नल मर्ज' किंवा हॅशखाली एकाहून जास्त 'बॅचेस' दिसले तर मेमरी अपुरी पडून काम डिस्कवर सांडतंय.

तुमच्या वर्णनाशी जुळणारे चार संशयित मला दिसतात.

पहिला, टेम्प टेबल, म्हणजे एका सेशनपुरतं बनवलेलं तात्पुरतं टेबल. ऑटोव्हॅक्यूम (साफसफाई आणि आकडेवारी आपोआप करणारी पोस्टग्रेसची सोय) दुसऱ्या सेशनचं टेम्प टेबल बघूच शकत नाही, त्यामुळे त्याची आकडेवारी आपोआप गोळा होत नाही. टेम्प टेबल भरल्यावर लगेच त्यावर आकडेवारी गोळा करणारी स्वतंत्र कमांड अ‍ॅनालाइझ चालवा. हवा तो इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) त्याच्या आधी टाका. एका ओळीची दुरुस्ती आहे आणि तासांची कामं मिनिटांवर येतात. मोठी भरणी झाल्यावर साध्या टेबलांनाही हेच करा, कारण साधारण १० टक्के ओळी बदलेपर्यंत ऑटोव्हॅक्यूम नवी आकडेवारी गोळा करत नाही.

दुसरा संशयित 'नॉट इन' आहे आणि माझा सर्वात जास्त संशय यावरच आहे, कारण डेटा थोडासाच वाढूनही वेळ एकदम कड्यावरून खाली कोसळावा तसा बिघडवणारा हाच. 'ज्यांचा आयडी त्या टेबलात नाही अशा ओळी' हे नॉट इन आणि सबक्वेरीनं लिहिलं की पोस्टग्रेस सबक्वेरीची (आतल्या क्वेरीची) यादी मेमरीत हॅश करतो, म्हणजे पटकन शोधता येईल अशी मांडतो, आणि प्रत्येक ओळ त्यात चुटकीसरशी शोधतो. प्लॅनमध्ये तेव्हा 'हॅश्ड सबप्लॅन' दिसतं. पण ही यादी मेमरीत मावेल असं प्लॅनरला वाटलं तरच. अशा कामांची मेमरी ठरवणारं वर्क_मेम हे सेटिंग मुळात ४ एमबी असतं. आवृत्ती १५ पासून हॅशला त्याच्या दुप्पट, म्हणजे ८ एमबी मिळतात. बिगइंट या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारातल्या आयडीच्या एका ओळीला प्लॅनर ३२ बाइट धरतो, म्हणजे मर्यादा साधारण २ लाख ६० हजार ओळींची. यादी २ लाख ५५ हजारांची असेपर्यंत सगळं सुरळीत. ती २ लाख ६५ हजारांवर गेली की 'हॅश्ड' हा शब्द प्लॅनमधून गायब होतो आणि प्रत्येक ओळीसाठी यादी वरपासून खालपर्यंत चाळली जाते. १ लाख नव्या ओळी असतील तर नुसत्या त्यांच्यासाठी अडीच हजार कोटींहून जास्त तुलना. एरर नाही, इशारा नाही. ही गणना प्रोसेसरवर चालते, तीही एकाच कोअरवर, म्हणजे ३२ कोअरचं मशीन आणलं तर एक कोअर राबेल आणि ३१ बघत बसतील.

वर्क_मेम वाढवलं की हे तात्पुरतं सुटतं, कडा थोडा पुढे सरकतो इतकंच. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरून लिहा. मग प्लॅनरला अँटी जॉइन (जोडी न सापडलेल्या ओळी काढणारी जोडणी) करता येतो आणि यादी कितीही वाढली तरी असा कडा येत नाही. शिवाय नॉट इनच्या सबक्वेरीत एक जरी नल (रिकामी किंमत) आला तर निकालात एकही ओळ येत नाही. तुमच्या अर्ध्या आकड्यांमागे हेही असू शकतं, म्हणून तो कॉलम नल घेतो का ते बघून ठेवा.

तिसरा, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) असतानाचा डिलीट. मूळ टेबलाच्या प्रायमरी कीवर (प्रत्येक ओळीची ओळख असलेल्या कॉलमवर) इंडेक्स आपोआप बनतो. पण तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या दुसऱ्या टेबलातल्या कॉलमवर पोस्टग्रेस स्वतःहून इंडेक्स टाकत नाही. मग मूळ टेबलातली एक ओळ काढताना 'हिला कोणी वापरतंय का' हे बघायला दुसरं टेबल पूर्ण वाचावं लागतं. ५० हजार ओळी काढल्या तर ५० हजार वेळा. गंमत म्हणजे साध्या एक्सप्लेनमध्ये याचा मागमूस नसतो. अ‍ॅनालाइझ दिल्यावर मात्र प्लॅनच्या तळाशी ट्रिगरची एक ओळ येते, त्यात कन्स्ट्रेंटचं नाव, लागलेला वेळ आणि कॉल्सचा आकडा. एकूण वेळेतला मोठा वाटा त्या ओळीत दिसला की गुन्हेगार सापडला. त्या कॉलमवर इंडेक्स टाका, चालू सिस्टिमवर कॉन्करंटली हा शब्द वापरून. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि मधेच फसली तर अवैध इंडेक्स मागे राहतो. तो काढून पुन्हा टाकावा लागतो.

चौथा, एकेक ओळ भरून प्रत्येक वेळी कमिट. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. कंट्रोलरवर सुरक्षित कॅश नसेल तर एकामागून एक कमिट करणाऱ्या एका कनेक्शनला सेकंदाला त्याहून फारसे जास्त कमिट मिळत नाहीत. १ लाख ओळींना नुसत्या वाट बघण्यात १४ मिनिटं. हजार-हजार ओळींचे गठ्ठे केले तर कमिट १०० होतात आणि ही वाट एका सेकंदात संपते. कॉपी कमांड वापरता आली तर त्याहून बरं. काही जण इथे एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोहोचवून घेणं) बंद करायला सांगतात. करू नका. वीज गेली तर डेटाबेस कुजू शकतो. अगदीच गरज पडली तर त्या सेशनपुरतं सिंक्रोनस_कमिट बंद करता येतं. त्यात शेवटचे काही क्षणांचे कमिट जाऊ शकतात, पण डेटाबेस सुसंगत राहतो.

डब्याच्या आतही एक नजर टाका, पाच मिनिटांचं काम आहे. रेड ५ मधली एक डिस्क मेली तरी सगळं 'चालू' दिसतं, फक्त तिच्यावरचा प्रत्येक भाग उरलेल्या तिघींवरून हिशोब करून काढावा लागतो. कंट्रोलरची बॅटरी निकामी झाली तर तो आपणहून राइट-बॅकवरून (आधी कॅशमध्ये लिहिणं) राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिणं) जातो आणि त्या रात्रीपासून प्रत्येक कमिट खऱ्या डिस्कची वाट बघू लागतो. तुमची उडी एका तारखेची असेल आणि नमुन्यांत वॉल सिंक भरलेलं असेल, तर स्क्रिप्टला हात लावण्याआधी कंट्रोलरची स्थिती तपासा. 

सेटिंगपैकी दोनच आत्ता बघा. मॅक्स_वॉल_साइझ मुळात १ जीबी असतं आणि रात्रीची भरणी ते काही मिनिटांत भरते. लॉगमध्ये चेकपॉइंट (मेमरीतले बदल डेटाच्या फाइलींत उतरवणं) फार लवकर लवकर होतायत अशी सूचना दिसेल. प्रत्येक चेकपॉइंटनंतर ज्या पानाला पहिल्यांदा हात लागतो ते पूर्ण ८ केबीचं पान वॉलमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे लिखाण फुगतं. ८ ते १६ जीबी ठेवा. दुसरं, ऑटोव्हॅक्यूमचा २० टक्क्यांचा नियम: ५ कोटी ओळींच्या टेबलात १ कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत तो हलत नाही. मोठ्या टेबलांसाठी हा आकडा टेबलापुरता २ टक्क्यांवर आणा.

इथवरचं थोडक्यात: अर्ध्या आकड्यांना ऑन_एरर_स्टॉप आणि नॉट इन तपासा, वेळेसाठी वाट बघण्याचे नमुने घ्या, मग सर्वात संथ स्टेटमेंटचा प्लॅन. हे झाल्याशिवाय मशीनची ऑर्डर देऊ नका. वाईट प्लॅनला दुप्पट वेगाचं मशीन दिलं तर ६ तासांचे ३ तास होतात. प्लॅन सुधारला तर ६ तासांची मिनिटं होतात.

एवढं म्हटल्यावरही तुमचं मशीन बदलण्यासारखं आहेच, आणि ते डिस्कमुळे. हिशोब करून बघा. ७,२०० आरपीएमच्या डिस्कला अर्धी फेरी फिरायला सुमारे ४ मिलिसेकंद आणि हेड जागेवर न्यायला साधारण ८ ते ९, म्हणजे विखुरलेली ८ केबीची वाचनं सेकंदाला ७५ ते ८०. चार डिस्कची मिळून ३०० च्या आसपास. लिहिताना रेड ५ मध्ये एका छोट्या लिखाणाला चार हालचाली लागतात: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, दोन्ही नव्यानं लिहा. म्हणजे चार डिस्क असून विखुरलेल्या लिखाणाचा वेग एकाच डिस्कचा. डेटाबेससाठी रेड ५ मी सुचवत नाही, त्यामागचं कारण हेच.

नव्या मशीनमध्ये सर्व्हर दर्जाचे दोन एनव्हीएमई ड्राइव्ह (फिरता भाग नसलेले जलद एसएसडी), १.९२ टीबीचे, रेड १ मध्ये, म्हणजे एकमेकांची प्रत म्हणून घ्या. १८० जीबीच्या डेटाबेसाला, त्याच्या वाढीला, वॉलला आणि मोठे इंडेक्स बांधताना लागणाऱ्या तात्पुरत्या जागेला ते पुरतात. वाचनाच्या जाहिरातीतल्या जीबी प्रति सेकंद आकड्यावर भाळू नका. डेटाबेसाला लागतो तो छोट्या लिखाणाचा, एफसिंकसकटचा वेग, आणि तो ठरतो ड्राइव्हवर वीज गेल्यास कॅश वाचवणारे कपॅसिटर आहेत की नाहीत यावर. कपॅसिटर असलेला ड्राइव्ह डेटा आपल्या कॅशमध्ये येताच 'लिहिला' असं खरेपणानं सांगू शकतो. डेस्कटॉपसाठीचे ड्राइव्ह एकतर एफसिंकला संथ असतात, नाहीतर खोटं बोलतात. शिवाय त्यांचा वेगवान कॅशचा भाग भरला की सलग लिखाणाचा वेग कोसळतो. रात्रीच्या भरणीला नेमकं तेच नको असतं.

टिकाऊपणा डीडब्ल्यूपीडीमध्ये सांगतात, म्हणजे रोज ड्राइव्ह किती वेळा पूर्ण भरून लिहिता येईल. १ डीडब्ल्यूपीडीचा १.९२ टीबी ड्राइव्ह ५ वर्षांत सुमारे ३,५०० टीबी लिखाण सोसतो. तुमचा रोजचा आकडा काही शे जीबीच्या पुढे नसेल तर ३ डीडब्ल्यूपीडीचा महाग ड्राइव्ह घेण्यात अर्थ नाही. तो पैसा रॅममध्ये घाला.

मशीन हातात आलं की पोस्टग्रेससोबत येणारं पीजी_टेस्ट_एफसिंक चालवा. कपॅसिटर असलेल्या ड्राइव्हवर सेकंदाला १० हजारांच्या पुढचा आकडा सहज दिसावा. हेच जुन्या मशीनवरही चालवून बघा. कंट्रोलरवर बॅटरीवाली कॅश नसताना फिरत्या डिस्कवर हजारोंचा आकडा आला, तर आनंद मानू नका. १२० फेऱ्यांची डिस्क तो आकडा देऊच शकत नाही, मधे कोणीतरी असुरक्षित कॅश चालू ठेवलीय.

रॅमचं उत्तर तुमच्या 'गरम' डेटावर आहे, एकूण डेटावर नाही. १८० जीबीपैकी रोज हात लागतो तो गेल्या दोन-तीन महिन्यांचा भाग आणि त्याचे इंडेक्स, तो ४० ते ६० जीबी असेल तर १२८ जीबी भरपूर झाली. अहवालांसाठी पूर्ण इतिहास रोज चाळला जात असेल तर २५६ घ्या, म्हणजे सगळा डेटाबेस मेमरीत बसेल. ट्रॅक_आयओ_टायमिंग चालू करून आठवडाभर वाचनात खरा वेळ किती जातो ते बघितलं तर अंदाज करावा लागणार नाही. रॅम ईसीसीच, म्हणजे छोट्या चुका स्वतः दुरुस्त करणारीच हवी. आणि प्रोसेसरला ८ मेमरी चॅनेल असतील तर १६ जीबीच्या ८ पट्ट्या लावा. ६४ च्या दोन लावल्या तर बेरीज तीच, पण मेमरीचा वेग पावपट.

१२८ जीबीवर शेअर्ड_बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) ३२ जीबी, इफेक्टिव्ह_कॅश_साइझ (एकूण कॅशचा प्लॅनरला दिलेला अंदाज) ९० जीबीच्या आसपास आणि रँडम_पेज_कॉस्ट (विखुरलेल्या वाचनाचा प्लॅनर धरतो तो खर्च) ४ वरून १.१ वर ठेवा. वर्क_मेमला मात्र जपून हात लावा, कारण ते कनेक्शनला नाही तर प्रत्येक सॉर्ट आणि हॅशला वेगळं मिळतं. ६४ एमबी ठेवलं आणि १०० कनेक्शननी प्रत्येकी दोन सॉर्ट केले की १२.८ जीबी गेले. सगळ्यांसाठी ते १६ ते ३२ एमबी ठेवा आणि रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये सेट लोकलनं ५१२ एमबी द्या. रात्री ती एकटीच असते.

आता कोअर. पोस्टग्रेसमध्ये डिलीट आणि अपडेट समांतर चालत नाहीत. सिलेक्टला समांतर मदतनीस मिळतात, तेही मुळात एका नोडला दोनच. म्हणून रात्रीच्या कामाला कोअर कमी आणि जलद हवेत. किमतीत फार फरक नसेल तर मी जास्त क्लॉकचा १६ कोअरचा, एकाच सॉकेटचा प्रोसेसर घेईन. ३२ कोअरची बाजू एकाच परिस्थितीत भक्कम होते: दिवसा गर्दीच्या वेळी 'अ‍ॅक्टिव्ह' स्टेटमधल्या आणि वेट_इव्हेंट रिकाम्या असलेल्या क्वेरी एकाच क्षणी २० च्या पुढे दिसत असतील तर. २०० कनेक्शन उघडी असणं म्हणजे २०० क्वेरी चालू असणं नव्हे, हे मोजताना ध्यानात ठेवा. कनेक्शनच फार असतील तर कोअर वाढवण्याआधी पीजीबाउन्सर (थोड्या कनेक्शनांत अनेकांना भागवणारं साधन) लावा.

बाकी यादी छोटी आहे. दोन पॉवर सप्लाय, यूपीएस, आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर. रेड हा बॅकअप नव्हे. चुकीचा डिलीट तो दोन्ही ड्राइव्हवर सारख्याच तत्परतेनं लिहितो, आणि तुमची स्क्रिप्ट रोज डिलीट करते.

स्थलांतराच्या दिवशी दोन खड्डे आहेत. डंप काढून नव्या मशीनवर चढवलात तर प्लॅनरची आकडेवारी आपोआप सोबत येत नाही. पूर्ण डेटाबेसावर अ‍ॅनालाइझ चालवल्याशिवाय वापरकर्त्यांना आत सोडू नका, नाहीतर पहिल्या सकाळी 'नवा सर्व्हर जुन्याहून मंद' असा बोभाटा होतो. उलट डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नेली किंवा रेप्लिकेशननं नेली आणि नव्या मशीनवरचं लिनक्स नव्या पिढीचं असेल, तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलल्यामुळे मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरू शकतात. एरर येत नाही, फक्त असलेली ओळ सापडत नाही किंवा युनिक कॉलममध्ये दुहेरी नोंद शिरते. अशा वेळी मजकुराच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा.

आज रात्रीचे १८० नमुने, सर्वात संथ स्टेटमेंटचा प्लॅन तळाच्या ट्रिगरच्या ओळीसकट, आणि पोस्टग्रेसची आवृत्ती एवढं इथे टाका. टेबलांची नावं बदललीत तरी चालेल. त्यानंतर १६ की ३२ हे मी ठामपणे सांगू शकेन.